मुबारकचाचांचा सरदार

मुबारकचाचा कुठल्याही नळाला, भिंतीला, प्रसंगी झाडालाही काठी टेकवायचे आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावून उभे राहायचे. मी बेगमपुऱ्यात नवा मास्तर म्हणून आलो तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. नंतर कळलं, उमेदीची अकरा वर्षं त्यांनी इंग्रजांच्या एका विनाशिकेवर, म्हणजे लढाऊ जहाजावर, बॉयलरमध्ये कोळसा भरण्यात घालवली होती. यंत्राच्या पोटातलं दुखणं काठीतून ऐकायची सवय तिथलीच.

ती विनाशिका एका जुन्या इंग्रज सेनापतीच्या नावाची. चाचा ते नाव अदबीनं घ्यायचे, पण लगेच त्यांची भुवई चढायची. "मास्तर, त्यो सरदार कवाच मेला. तरी रोज सकाळी सगळं जहाज त्याच्या नावानं कामाला लागायचं. अन् आमचा सरदार? त्यानं हे शहर वसवलं, डोंगरातनं पाणी आणलं. त्याच्या नावाची साधी होडी तरी हाय का?"

'आमचा सरदार' म्हणजे खडकी गावाचं नगर करणारा, जमिनीखालून पाण्याची नहर खोदणारा हबशी सेनापती. चाचाही हबशीच. नहरीचं पाणी मोहल्ल्याच्या हौदात पडायचं, तिथे शेजारच्या चंद्राबाई त्यांना तोंडावर म्हणायच्या, "ए हबश्या, हौदापासनं लांब व्हय." चाचा हसून बाजूला सरकायचे. मला त्याची चीड यायची. पण मीही शेळपट, कधी तोंड उघडलं नाही.

एका उन्हाळ्यात हौदात मेलेलं कबूतर निघालं. नहरीवरच्या उंच मनोऱ्याच्या उघड्या तोंडातून ते आत पडलं असणार. शिकलेला माणूस म्हणून मीच पुढाकार घेतला आणि गवंडी लावून मनोऱ्याचं तोंड चुन्यानं गच्च लिंपून घेतलं. मोहल्ल्यानं माझी वाहवा केली. आठवड्याभरात हौदाची धार करंगळीएवढी झाली, मग बंदच पडली. तपासायला आलेले ओव्हरसियर म्हणाले, "खापराचे जुने नळ, फुटले असतील कुठेतरी. उद्या नहरीची ही शाखा बुजवून टाकू." म्हणजे बायकांनी पाण्यासाठी नदीपल्याड हिंडायचं. लिंपलेल्या मनोऱ्याचा आणि बंद पडलेल्या पाण्याचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुजवणारे फावडी घेऊन आले, तर चाचा नळाला काठी लावून बसलेले.

"फुटलं बिटलं काय नाय," ते म्हणाले. "आत हवा अडकलीय. त्यो मनोरा हवा सोडायलाच बांधलाय. तोंड कुणी बुजवलं त्याचं?"

"मी," मी कसंबसं म्हणालो.

"मास्तर, लई शिकलाव तुमी!" एवढंच बोलून चाचा हातोडी घेऊन मनोरा चढू लागले. वय सत्तरीचं. ओव्हरसियर खालून ओरडत होते, "उतरो चाचा, गिर जाओगे!"

"पाणी आलं नाय तर शाखा बुजवा," वरून उत्तर आलं, "अन् संगट मलाबी!"

चुन्याची ढेकळं धडाधड खाली पडली. शेवटचं ढेकूळ निघालं आणि मनोऱ्यातून फुस्सकन हवा सुटली. हौदाचा नळ गुरगुरला, खोकला, गढूळ चूळ टाकली त्यानं, आणि मग मनगटाएवढी धार हौदात कोसळली. काय तो गलका! पोरं कपड्यांसकट हौदात शिरली, बुजवणारे फावडी टाकून ओंजळी भरू लागले. ओव्हरसियरांनी हुकुमाचा कागद घडी करून खिशात कोंबला. मी तर चक्क रडत होतो. वर चाचा डोंगराकडे तोंड करून, टाचा जुळवून उभे राहिले आणि त्यांनी कडक सलामी ठोकली.

"सरदार, जहाज चालू हाय!"

ते खाली उतरले तेव्हा अंगभर चुना, गुडघे खरचटलेले. गर्दीतून वाट काढत चंद्राबाई पुढे आल्या. पहिली भरलेली घागर त्यांनी चाचांसमोर ठेवली, डोक्यावरचा पदर सावरला.

"सरदार," त्या म्हणाल्या, "आधी तुमी प्या."

कुणाला हाक मारली म्हणून चाचांनी वळून मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.