फळ्यावरचे अवयव

परवा मस्कतच्या खोलीत लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं कर्जतहून संगणकात लांबलचक बहुपदी टाकून दाखवली. क्षणात अवयव हजर!

“अब्बा, हे आधी भागाकाराच्या नुसत्या बाक्यांवरनं अंदाज बांधतं, मग खरं उत्तर जुळवतं.”

मला कळंबच्या शाळेतला फळा दिसला. अवयव पाडायला बाईंनी मला पुढं बोलावलेलं. घामानं खडू ओला झालेला. चुकायच्या भीतीनं मी अंदाजच करीना. बाई म्हणाल्या, “लिही रं, चुकलं तर पुसू की.” पोरं हसली. मी खडू ठेवला आणि पुन्हा शाळेत गेलोच नाही. एवढ्या मायेच्या बाई घरी बोलवायला आल्या, तर आतून अम्मीला सांगायला लावलं, “तो घरात नाय.”

“अब्बा, तुमी कसे पाडायचात अवयव?” लेकीनं हौसेनं विचारलं.

“नेट जातंय गं,” म्हणालो आणि कॉल तोडला. नेट नीट चालू होतं.