बिघडवली कुणी?

गाडीला काय झालंय, असं रंगनाथ मिस्त्री कधी विचारत नसत. कोल्हारच्या रस्त्याकडेला त्यांचं पत्र्याचं गॅरेज. गाडी आत ढकलत आणली की हात पुसत पहिला प्रश्न, "बिघडवली कुनी?" मग समोर ट्रकवाला असो की साहेब. आणि दुरुस्त झालेली गाडी जायची ती बिघडवणाऱ्याच्याच हातानं. तो त्यांचा कायदा होता.

त्या दिवशी बिघडवणारी मी होते. लग्नाला दोन वर्षं झालेली, मिजास भरपूर, अक्कल बेताची. ह्यांनी हौसेनं दोन सीटांची जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली होती आणि मी ती चालवायला शिकले होते. निदान गावभर सांगत तरी होते. पाय शिलाई मशीनवर तयार झालेला, क्लचवर ठेवला तो उचललाच नाही. क्लच कुरकुरू लागला तेव्हा शहाणीनं मशीनच्या तेलाची अख्खी कुपी क्लचच्या डब्याला असलेल्या भोकातून आत ओतली. मशीन कुरकुरलं की तेल, एवढंच माझं इंजिनिअरिंग! दुसऱ्या दिवशी इंजिन नुसतं बोंबलत होतं, गाडी जागची हलेना.

सासरे, म्हणजे आबा, गॅरेजात सोबत आले होते. "मिस्त्री, नीट करा अन् चावी माझ्याकडं द्या. सूनबाईंनी आता गाडीला हात लावायचा नाही."

मिस्त्रींनी आबांकडं पाहिलंही नाही. मला म्हणाले, "वैनी, पदर खोचा."

तीन दिवस त्यांनी मला राबवलं. गिअरबॉक्स उतरवला, क्लचची प्लेट बाहेर आली ती तेलानं चकाकत. "बगा, पापड तळलाय तुमी! हिला कोरडंच ऱ्हावं लागतं. घासली तरच गाडी वढती." नवी प्लेट बसवताना ग्रीस लावायचं ते फक्त शाफ्टच्या खाचांना आणि क्लच दाबणाऱ्या फोर्कच्या टेकूला, तेही काडेपेटीच्या काडीनं. मी बोटभर घेतलं तर हातावर चापट. "पुरनपोळी न्हाई ही, तूप वतायला!"

चौथ्या दिवशी आबा चावी न्यायला आले. मिस्त्रींनी ती माझ्या हातावर ठेवली.

"अहो, गाडी माझ्या मुलाची आहे!"

"आसंल की. बिघडवली हिनं, खोलली हिनं, हीच नेनार. न्हाईतर परत खोलून ठिवतो, वढायला बैलं आना."

दोनदा गाडी गचके खाऊन बंद पडली. बघे हसले. "हसू द्या वो, त्येंना कुठं क्लच दाबायचाय! डावा पाय उचला!" मिस्त्री ओरडले. तिसऱ्यांदा निघाली. सीटा दोनच, त्यामुळं आबांना माझ्याच शेजारी बसावं लागलं. घर येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

पन्नास वर्षांनी, गेल्या वर्षी, मिस्त्री गेले. त्यानंतर मला ती लाल गाडी काढावीशीच वाटेना. सहा महिने उभी राहून क्लच चिकटला. शेवटी गाडी त्याच गॅरेजात ओढत नेली आणि स्टुलावर बसून नव्या मेकॅनिककडून काडीनंच ग्रीस लावून घेतलं. काम झाल्यावर त्यानं चावी माझ्या मुलाकडं दिली.

"आई, आता पुरे. पंच्याहत्तरी झाली तुझी."

"बिघडवली कुणी?" मी विचारलं.

"तूच. सहा महिने उभी ठेवलीस."

"मग आण इकडं."

माझ्या शेजारी बसल्यावर त्यानंही डोळे मिटले. आजोबांवर गेलाय.