कात्रीबाईंच्या नावाची रेघ

संस्थेत त्यांना मागून सगळे कात्रीबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई.

बाई लोखंडी दोर तोडायच्या. तळघरात त्यांचं यंत्र होतं. लिफ्टच्या, क्रेनच्या दोराचा तुकडा ते ओढायचं, सैल सोडायचं, पुन्हा ओढायचं, थेट तुटेपर्यंत. त्याला आठवडे लागत. आतली तार तुटली की बारीक टिचल्यासारखा आवाज होई, म्हणून कोणीतरी कान देऊन शेजारी बसावं लागे. कंटाळवाणं काम. टाळाटाळ केली तर सगळं पाण्यात.

कात्री हे नाव नोकरीच्या सुरुवातीलाच पडलं. त्यांच्या पहिल्या शोधनिबंधावर विभागप्रमुखांनी आपलं नाव घातलं. तसा रिवाजच होता. बाईंनी ते कापलं.

"अहो, मी प्रमुख आहे."

"आहात ना. यंत्रापाशी कधी बसलात?"

हाच नियम त्यांनी स्वतःलाही लावला. विद्यार्थ्याने चाचण्या एकट्याने केल्या, तर निबंधावर नाव त्याचं एकट्याचं. बाई मसुदा पुन्हा पुन्हा परत पाठवायच्या, एकेका आकड्यावरून रडवायच्या, पण नाव लावायच्या नाहीत. "सांगणं म्हणजे काम नव्हे," म्हणायच्या. बाकीच्यांची नावं एकमेकांच्या निबंधांवर वेलीसारखी चढत होती.

मग संस्थेने मोजणी सुरू केली. कोणाच्या निबंधाचा आधार इतरांनी किती वेळा घेतला, कोण कोणाबरोबर लिहितं, सगळं मोजायचं. ज्याचा आकडा कमी, त्याची जागा बंद. बाईंची जागा बंद म्हणजे यंत्र भंगारात.

मोजणीवाला कागद घेऊन तळघरात आला. कागदभर ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेघांचं जाळं.

"मी कुठेय?" बाईंनी विचारलं.

"हा इथे. कडेला."

"याला रेघच नाही."

"तुम्ही कोणाबरोबर लिहिलंच नाही, बाई. आकडाही तोकडा आहे. एक वाट आहे. जुन्या विद्यार्थ्याने लिहून दिलं की तुमचं नाव चुकून राहिलं, तर ते चढवता येतं. त्या निबंधाचे सगळे आधार मग तुमच्या खात्यात."

बाईंनी दोन दिवसांनी हे घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "अगं, सुळावर चढल्यासारखा चेहरा काय करतेस? नाव लावायचंय, कोणाचा गळा कापायचा नाहीये."

"तुला नाही कळायचं."

"कळतं. पण तुझ्या त्या यंत्राला मी पुरता वैतागलोय आणि ते गेलं तर तू अंथरूण धरशील, हेही कळतं."

त्यांची पहिली विद्यार्थिनी, जिला संस्थेत सगळे थोरली म्हणत, आता परगावी मोठी प्रयोगशाळा चालवत होती. दोरांच्या कामात तिच्या शब्दाला वजन होतं. बाईंनी तिला फोन लावला.

"बाई! चुकून लागला का फोन?"

बाईंनी अडखळत काम सांगितलं.

"मी लावलं होतं की तुमचं नाव. तुम्हीच कागद टरकावलात."

"हो."

"देते लिहून. पण तुम्ही काय केलंत तेही लिहावं लागतं."

"सल्ला दिला, असं लिही."

"सल्ल्याला नाव लागत नाही, बाई. आभार मानतात, ते मी मानलेत. चाचण्या केल्या, असं लिहावं लागेल."

"चाचण्या तू केल्यास."

"केल्या. अंगात ताप घेऊन बसले होते तुमच्या त्या तळघरात. तरी लिहिते. तुम्ही फक्त हो म्हणा."

बाई हो म्हणाल्या.

नाव चढलं. आकडा फुगला. कडेच्या ठिपक्यापासून थोरलीच्या ठिपक्यापर्यंत एक रेघ आली.

महिन्याने मोजणीवाला पुन्हा आला, तो दारातच घुटमळला.

"मला ठाऊक नव्हतं हो, बाई. आकड्याबरोबर बाहेरच्या जाणकाराचं पत्रही लागतं. जागा ठरवणाऱ्या समितीने पत्रासाठी थोरल्या बाईंचं नाव निवडून ठेवलं होतं. तुमच्याबरोबर त्यांचं लिखाण नव्हतं, म्हणून त्या चालत होत्या. आता रेघ दिसली. बरोबर लिहिणाऱ्याचं पत्र चालत नाही."

"मग कोणाचं घेतलं?"

"पुलांच्या काँक्रीटवर काम करणाऱ्या एकांचं. त्यांनी दोन ओळी लिहिल्या. काम साधारण आहे म्हणून."

बाईंच्या कामाची पारख असलेलं एकच माणूस होतं, ते त्यांनी आपल्या हाताने कापलं होतं.

थोरलीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "मी समितीला कळवते, ते लिहिलेलं खोटं होतं म्हणून."

"खोटारडी ठरशील. तुझ्या प्रयोगशाळेवर माणसांची पोटं चालतात. गप्प बस."

जागा बंद झाली. यंत्राचे तुकडे करून भंगारात नेले. बाई घरी बसल्या. थोरलीच्या त्या निबंधाचा आधार लोक घेत होते, तसा बाईंचा आकडा वाढत होता. कधी नव्हे एवढा.

पावसाळ्यानंतर दूरच्या कुठल्याशा तरुण संशोधकाचं पत्र आलं. फार आदराने लिहिलं होतं. त्याचे दोर यंत्राच्या पकडीतून निसटत होते. निबंधातल्या त्या चाचण्यांमध्ये बाईंनी टोकं कशी बांधली होती, ते त्याला हवं होतं.

बाईंना ते माहीत नव्हतं. त्यांनी थोरलीला फोन करून विचारलं, तिने सांगितलं तसं उतरवून घेतलं, आणि 'आम्ही टोकं अशी बांधली' असं लिहून खाली सही केली.