धुतलेली पायरी

शेठाणीनं बादलीभर पाणी ओतलं. माझ्यावर नाही. मी बसलो होतो त्या पायरीवर.

दुष्काळाचं साल होतं. सोलापुरात नळ कधी येईल याचा नेम नव्हता. पाणी कमी, म्हणून गटारं जास्त तुंबायची. घाण पुढं सरकायला तरी पाणी लागतंच की. त्या दिवशी नवी पेठेमागच्या गल्लीत चेंबर भरून वर आलं होतं. मी गळ्यापर्यंत आत उतरलो, पहारीनं टोचून टोचून वाट मोकळी केली. वर आलो तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी आली. समोरच्या पायरीवर टेकलो.

चेंबरमधून माणूस वर आला की समोरच्या घरानं त्याच्या अंगावर दोन बादल्या ओतायच्या, ही आमच्या कामातली जुनी रीत. लांबून ओतायचे, पण ओतायचे. मी डोळे मिटून वाट बघत होतो.

"मुकादम, त्याला उठवा आधी तिथनं," शेठाणी म्हणाली.

"बाईंची पायरी हाय ती. ऊठ," मुकादम म्हणाला.

उठलो. तिनं बादली आणली. मी मान खाली घातली, नेहमीसारखी. पाणी पायरीवर पडलं. खराट्यानं तिनं पायरी घासली आणि दार लावून घेतलं. गरज सरो, वैद्य मरो.

तसाच पेठेतून चालत घरी निघालो. एवढी गर्दी, पण मला कुणाचा धक्का लागला नाही. घरी बायकोनं प्यायचा हंडा दाखवला.

"येवडंच हाय. पोरीला ठिवू का तुमाला देऊ?"

"पोरीला ठिव."

उंबऱ्याबाहेर बसून राहिलो. अंगावरची घाण वाळली, कातडी ओढायला लागली. पोरगी दारातून बघत होती. जवळ आली नाही. मीही बोलावलं नाही. इतका एकटा मी चेंबरच्या तळाशीसुद्धा कधी नव्हतो.

तिथं बसल्या बसल्या महापालिकेचा साहेब आठवला. टंचाईत पाणी कुणाला कसं पुरवायचं, हे बैठकीत ठरवून तो आम्हाला सांगायला आला होता. दवाखान्याला टँकर. शाळेला टँकर. देवळालासुद्धा. मी विचारलं होतं, "साहेब, वर आल्यावर आमी कशानं धुवायचं?"

"तुम्हाला सवय असते की," साहेब म्हणाला. सगळे हसले. माझा जोडीदार मारुती, तोही हसला.

थोड्याच दिवसांत तेच चेंबर पुन्हा भरलं. मुकादमानं मला बोलावलं. मी पहार खाली टाकली आणि त्याच पायरीवर जाऊन बसलो.

"आदी दोन बादल्या हितं आनून ठिवा. मग उतरतो."

"माजलास व्हय रं? नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. गल्लीनं आपलं आपणच नाक दाबलं होतं, आणि तोंड उघडलं ते मला शिव्या द्यायला. मारुती भिंतीकडं तोंड करून बिडी ओढत होता. मी हाक मारली, तरी वळला नाही. माझ्या बाजूनं कुणी नव्हतं.

घाण पायरीला लागली तेव्हा शेठाणीनं दार उघडलं. भरलेली बादली बाहेर ठेवली. "घे बाबा. आता उतर."

मी बादलीकडं बघितलं. पाणी स्वच्छ होतं. अंग नुसतं शिवशिवत होतं.

"बाई, आज तुमी दिलं. उद्या दुसऱ्या गल्लीत मारुती उतरंल, त्याला कोन देनार? ते साहेबानं बैठकीत ठरवायचं."

मारुतीनं वळून बघितलं. पुन्हा तोंड फिरवलं.

मुकादम साहेबाकडं गेला. गल्ली रिकामी झाली. मी बसून राहिलो. दवाखाना, शाळा, देऊळ, सगळं त्यांच्या ध्यानात राहिलं. खाली उतरलेला माणूस वर येतो, एवढं मात्र राहिलं नाही. ते ठरेपर्यंत मी उतरणार नाही. एकटा असलो तरी नाही.