अजून एक फवारा

आमच्या दुर्बिणीच्या खोलीतल्या सिस्टरला आम्ही एक्स्ट्राताई म्हणायचो. पोटात नळी सोडण्याआधी घसा बधिर करणारा स्प्रे मारणं तिच्याकडे, नळ्या धुणं माझ्याकडे. नियम दोन फवाऱ्यांचा. पण पेशंट उमासे देऊन कासावीस झाला की ताईचा जीव वरखाली व्हायचा. मग डॉक्टरांची पाठ वळली की ती आणखी दोन-तीन मारायची आणि कागदावर 'दोन'च लिहायची. अठरा वर्षं हे चाललं. पेशंट तिला देवमाणूस म्हणायचे. मी बघायचो आणि हसायचो.

त्या सकाळी टेबलावर तिचा दादा होता. आईवडील गेल्यावर त्यानेच तिला शिकवलं. सहा फुटी माणूस, पण सुई दिसली की घाम फुटायचा.

"छोटे, मला उलटी आली तर तुझी खैर नाही," तो म्हणाला.

तिने सहा फवारे मारले.

तपासणी सुरळीत झाली. वीस मिनिटांनी दादाचे ओठ जांभळे पडले, मग नखं, मग सगळा चेहरा. ऑक्सिजन पूर्ण सोडला तरी काडीचा फरक पडेना. छाती ठीक, हृदय ठीक. डॉक्टर मॅडमनी रक्त काढलं तर ते काळपट तपकिरी. एक थेंब पांढऱ्या कापसावर टाकला, तो हवा लागूनही लाल होईना.

"स्प्रे किती मारला?"

"दोन." सवयीनं ताईच्या तोंडातून निघून गेलं. मी नळी धुवत राहिलो.

"मग काहीतरी दुसरंच आहे," म्हणत मॅडम फोनकडे वळल्या. दादाचे डोळे फिरले.

"सहा!" ताई किंचाळली. "मॅडम, सहा मारले! मी नेहमीच जास्त मारते. वाचवा हो त्याला!"

"त्या औषधानं लाल पेशी बिघडल्यात. त्यांना ऑक्सिजन वाहताच येत नाहीये," मॅडम म्हणाल्या आणि शिरेतून निळं औषध हळूहळू सोडू लागल्या. ताई दादाचे गार पाय चोळत रडत होती. अर्ध्या तासाने ओठांवर रंग आला.

"छोटे, उलटी नाही आली हं," तो पुटपुटला.

ताई हसली नाही. मोरीपाशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "गेल्या वर्षीचे ते मास्तर आठवतात? तेही असेच काळे पडून गेले. हृदय बंद पडलं म्हणून लिहिलं होतं. त्यांना मी किती मारले होते रे?"

मी नळ सोडला. पाच. मी मोजले होते.