कूलरसमोर उघडलेला लेझर

तो लेझर मी खराब केला. आमच्या प्रयोगशाळेतल्या मिस्त्रींनी नाही, मी. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी, पूर्ण शुद्धीत. आणि मग ते मिस्त्रींच्या माथी मारलं. हे पहिल्यांदाच लिहितो आहे, तर सलग लिहितो. मध्ये थांबलो तर मी स्वतःसाठी काहीतरी सवलत शोधीन. माझा स्वभाव आता मला कळला आहे.

मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. क्वांटम कॅस्केड लेझर हा माझा विषय. नाव मोठं आहे, कल्पना तेवढी अवघड नाही. नेहमीच्या लेझरचा रंग तो कशाचा बनलाय त्यावर ठरतो. या लेझरमध्ये तो थरांच्या जाडीवर ठरतो. दोन पदार्थांचे थर, काही मोजक्या अणूंएवढे पातळ, एकावर एक असे शेकडो. नदीच्या घाटाच्या पायऱ्या उतरावं तसा इलेक्ट्रॉन त्यातून उतरतो आणि पायरीपायरीवर थोडा उजेड टाकत जातो. डोळ्यांना न दिसणारा, मध्य-अवरक्त उजेड. हवेतले कितीतरी वायू याच उजेडात ओळखू येतात. आमचा लेझर साठवलेली फळं पिकू-सडू लागली की सुटणारा इथिलीन वायू पकडण्यासाठी होता. शेंदूरजनाघाटच्या एखाद्या संत्र्याच्या गोदामात तो भिंतीवर बसावा, एवढंच माझं स्वप्न.

अडचण उष्णतेची. सुरुवातीला हे लेझर द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड ठेवावे लागत. आता ते खोलीच्या तापमानाला अखंड चालतात. पण खोली कोणाची? ज्यांनी बनवले त्यांची. आमच्याकडच्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या गोदामाला कोणी खोली म्हणत नाही. तापलं की खालच्या पायरीवरचे इलेक्ट्रॉन परत वर चढतात, काही तर पायऱ्या सोडून बाहेरच सांडतात. मग लेझर पेटायला जास्त करंट लागतो, आणि त्या करंटनं तो अजून तापतो. माझा एक वर्गमित्र दक्षिणेतल्या एका संस्थेत हे लेझर बनवतो. थरांच्या जाड्या मी इथे कॉम्प्युटरवर बसवायच्या, त्यानं तिकडे थर चढवायचे, असं आमचं चार वर्षं चाललं. पायऱ्यांमधली उंची वाढवली, बाहेर सांडणं अडवणारे थर बदलले, आणि शेवटी एक रचना जमली. भर उन्हाळ्यात, मोठ्या चिलरशिवाय तो लेझर आमच्या टेबलावर निवांत चालला. तसा एकच नग होता, तिळाएवढा.

तो ज्या डब्यात होता तो डबा मिस्त्रींनी बनवला होता.

मिस्त्री अकोल्याचे. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. घरचा धंदा कूलर बनवण्याचा. भाऊ अजूनही पत्रा कापतात, ताट्यांत वाळा भरतात. हे लहानपणापासून मोटारी उघडत मोठे झाले आणि आमच्याकडे कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून आले, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. विभागात त्यांना पाठीमागे 'कूलरवाला' म्हणत. मीही कधीमधी हसलो आहे त्यावर.

त्या कूलरवाल्याचा एकच नियम होता: या खोलीत कूलर नाही.

"सर, हे थंडं केलं तुमी दहा डिग्रीले," लेझरखालच्या थंड पट्टीकडे बोट दाखवून ते म्हणाले होते. "आपल्या उन्हाळ्याची हवा कोरडी ठणठणीत, म्हून चालून राह्यलं. कूलर लावला का हवेत पाणी. ते पाणी थंडी जागा पाह्यते. थेट याच्याच तोंडावर बसन."

"डबा बंद असतो ना, मिस्त्री?"

"डबा बंद असते. हात कोठी बंद असते?"

शेजारच्या केबिनमधले सहकारी दारातून ओरडले, "बाप्पा! कूलरवालाच कूलर लावू देत नाही आमाले. भाऊ कोठी जातीन मग याचे?"

"भावाचे कूलर माणसासाठी आहेत साहेब," मिस्त्री म्हणाले. "हा माणूस नाही. हा तुमच्यापेक्षा नाजूक आहे."

त्या शुक्रवारी मित्राला शेवटचं एक रीडिंग हवं होतं, दहा अंशांवरचं. मिस्त्री दुपारी नमाजला निघाले. दारात चप्पल घालताना म्हणाले, "दोन तासात आलो. झाकण उघडू नका सर, भिंग मी आल्यावर सरकवतो." मी हो म्हटलं.

बाहेर अंग भाजत होतं. घाम चष्म्यावर पडत होता. मी शेजारच्या केबिनमधला कूलर ढकलत आणून दारात लावला. अर्ध्या तासात खोली गार झाली आणि मी माणसात आलो. मग भिंग जरासं हललेलं दिसलं. दोन मिनिटांचं काम. मी झाकण उघडलं. करंट चालूच होता.

लेझरच्या तोंडावर दव धरलेलं मी पाहिलं. भिंगातून स्पष्ट पाहिलं, काचेवर श्वास सोडावा तसं. मी हात आखडेपर्यंत पडद्यावरची रेघ खाली आली आणि तळाला जाऊन पडून राहिली. चार वर्षं गेली त्या एका क्षणात. मी काय केलं? कूलर जागच्या जागी नेऊन ठेवला. खिडक्या उघडल्या. बाहेरची हवा आत आली आणि पंधरा-वीस मिनिटांत दवाचा मागमूस राहिला नाही. मग झाकण लावलं. आमच्या उन्हाळ्यानं माझ्यासाठी पुरावा पुसून दिला.

विभागप्रमुख धावत आले. "काय झालं हो?"

"करंट जास्त गेला," मी म्हणालो. "बहुतेक मर्यादा चुकीची लागली असावी."

"कोण लावते मर्यादा?"

"मिस्त्री लावतात."

एवढंच. त्यांच्यावर आरोप केला नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. 'बहुतेक' म्हटलं होतं, 'असावी' म्हटलं होतं. आज त्या शब्दांची मला किळस येते. माणसाला ढकलून द्यायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं, यासाठीच मी ते शब्द वापरले होते.

मिस्त्री आले, यंत्राकडे गेले. मर्यादेचा आकडा पाहिला. तो बरोबर होता, पण तोवर कोणाला बघायचंच नव्हतं. मग त्यांनी खोलीतली हवा हुंगली. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं. भिजलेल्या वाळ्याचा वास त्यांच्याइतका कोणाला ओळखू येणार?

"सर, झाकण उघडलं होतं काय?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अवजारं पुसायला घेतली.

पुढच्या आठवड्यात समितीची बैठक झाली. लांब टेबल, पाच माणसं, समोसे. एक जण म्हणाले, "शुक्रवारी दुपारी तो जागेवर नव्हताच म्हणजे. मग कसं व्हायचं!" दुसरे म्हणाले, "अहो, कूलरवाल्याच्या हाती लेझर दिला तर दुसरं काय होईन?" सगळे हसले. एकानंही यंत्राची नोंद मागितली नाही. मला त्या माणसांचा अजून संताप येतो. अकरा वर्षं ज्यानं यांचं प्रत्येक यंत्र जिवंत ठेवलं, त्याच्याबद्दल यांना एक प्रश्न विचारावासा वाटला नाही. पण त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी समोर बसून समोसा खाल्ला आणि अहवालावर सही केली. त्यात लिहिलं होतं: तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा. मिस्त्रींचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं. ते पुन्हा झालं नाही. नंतर कळलं की अकोल्यातल्या दोन कॉलेजांनी त्यांना घेण्याआधी आमच्याकडे फोन केला होता. आमच्याकडून काय सांगितलं गेलं असेल ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

मित्रानं मेलेला लेझर परत मागवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याचा फोन आला.

"अबे, हा करंटनं गेला नाही. तोंडावर पाण्याचा डाग आहे. कूलर-बिलर लावता काय रे तुम्ही तिथं?"

आताच खरं सांगायचं, एवढीच गोष्ट होती. जुना मित्र, फोनवर, कोणी ऐकत नव्हतं.

"नाही रे," मी म्हणालो. "तुमचा वरचा लेपच कच्चा असेल."

आणि त्यानं विश्वास ठेवला. कारण आम्ही वीस वर्षं एकमेकांच्या आकड्यांवर विश्वास ठेवत आलो आहोत. आमच्या कामात दुसरं काही हातात नसतं. त्याच्या माणसांनी वर्षभर नवा लेप बसवला, जाड, पाणी आत न जाऊ देणारा. गेल्या हिवाळ्यात नवा नग आला. मी तो एकट्यानं टेबलावर लावला. रचना तीच होती, थर तेच, पण पेटायला करंट जास्त घेऊ लागला, आणि उजेड कमी. तीन दिवस मी भिंग, तारा, सगळं तपासलं. चौथ्या दिवशी लेपाचा कागद वाचला आणि खुर्चीत बसलो. तो लेप ज्या पदार्थाचा होता तो नेमका याच तरंगलांबीचा उजेड पितो. कूलर नसता तर जिथे पाण्याचा धोकाच नव्हता तिथे त्यांनी पाण्यापासून संरक्षण केलं होतं, माझ्या शब्दावर. चार वर्षांत जे मिळवलं ते असं निसटून चाललं होतं.

तोवर मी समजत होतो की माझं खोटं एका फाईलमध्ये बंद आहे. ते लेझरच्या तोंडावर चढवलेलं होतं. मी ते मोजत बसलो होतो, तीन दिवस, दशांश चिन्हापर्यंत. मला इतका राग आला की मी पेन भिंतीवर फेकला, आणि मग तो उचलून आणला, कारण आपल्याला साधं नीट चिडताही येत नाही. संध्याकाळी मित्राला फोन करून सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मले नंतर शिव्या देऊ दे. त्या मिस्त्रीले सांगितलं काय?"

दुसऱ्या दिवशी अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूरपर्यंत वाक्यं जुळवत होतो. दुकान सापडलं. मिस्त्री एका कूलरच्या पंख्याचा तोल बघत होते. भाऊ पत्रा ठोकत होते.

"या सर. उन्हाळ्याच्या पह्यलेच आले? डिस्काउंट पाह्यजे काय?"

मी हसलो नाही. म्हणालो, "मिस्त्री, जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं."

त्यांनी पंखा थांबवला. "वाईट तर मलेही वाटते. झालं काय, ते सांगा."

मी सांगितलं. कूलर, झाकण, दव, खिडक्या. ठोकणं थांबलं होतं. मोठे भाऊ म्हणाले, "म्हंजे कूलरच्या हवेनं मेला तो, आन् नाव लागलं माह्या भावाचं?"

"तुमी चुप बसा भाईजान," मिस्त्री म्हणाले. मग मला, "मले तवाच समजलं होतं, सर. वास येत होता. मले वाटे, आज सांगतीन, उद्या सांगतीन. मी तुमाले घरी गेल्यावर शिव्या नाही देल्या. बायको म्हणे, काहून नाही बोलत तुमी? मी म्हणो, सर सांगतीन." त्यांचा आवाज चढला. "दोन साल, सर! लोकं मले पंखा दुरुस्तीले देतेत, मीटर हातात देत नाहीत!"

"मी माफी मागायला आलोय."

"इथं? इथं कोणं म्हटलं होतं मले निष्काळजी? माह्या भावानं?" ते हात पुसत उभे राहिले. "ज्या टेबलावर बोलले, त्या टेबलावर बोला. मी येतो तिथं. नोकरीचं राहू द्या, नाही पाह्यजे मले. मी फक्त आयकाले येतो."

विभागप्रमुखांना बैठक बोलवायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, फोनवर सॉरी म्हणा न! जुनी गोष्ट आहे. विभागाचं नाव काहून खराब करता?" आमच्यात भांडण झालं, मोठ्यानं, कॉरिडॉरमध्ये ऐकू जाईल असं. मी म्हणालो, बैठक नाही घेतली तर हीच गोष्ट मी लिहून सूचना फलकावर लावीन. तेव्हा घेतली.

तेच टेबल होतं. त्या पाचांपैकी चार जण आले. मिस्त्री इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मी म्हणालो, पुढे या. ते पुढे येऊन माझ्या समोर बसले. प्रमुखांनी घसा खाकरला. "तर, सरांचं असं म्हणणं आहे की त्या दिवशी बहुतेक खोलीतल्या दमटपणामुळे..."

"बहुतेक नाही," मी म्हणालो आणि उठलो. यंत्राची त्या दिवसाची नोंद मी टेबलावर मांडली, आणि अहवालाची दुरुस्त केलेली प्रत, खाली माझी सही.

"त्या शुक्रवारी प्रयोगशाळेत कूलर मी आणला. मिस्त्री नको म्हणून सांगून गेले होते, तरी झाकण मी उघडलं. लेझरवर पाणी धरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि ते वाळू दिलं. करंटची मर्यादा मिस्त्रींनी बरोबर लावली होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. याच टेबलावर तुम्ही त्यांना हसलात तेव्हा मी गप्प बसलो, आणि खोट्या कागदावर सही केली. मिस्त्री, चूक माझी होती आणि खोटं मी बोललो. तुमचं काम गेलं, नाव गेलं, ते माझ्यामुळे. मी तुमची माफी मागतो."