भाऊजींनी न घेतलेला बदला

मंजूचा फोन आला तेव्हा मी अंगणात बसून मिरच्यांची देठं खुडत होते. हात तिखटाचे होते म्हणून कोपरानं फोन स्पीकरवर टाकला, आणि त्यामुळे ती बातमी माझ्या आधी शेजारच्या बाईनंच नीट ऐकली. "मावशी, बाबा गेले. पहाटेच गेले. झोपेतच." मी म्हटलं, "सुटला तुझा बाप." मंजूला वाटलं, दीड वर्षाच्या डायलिसिसमधून सुटले असं मी म्हणते आहे. ती "हो ना मावशी" म्हणून रडायला लागली. मला तसं म्हणायचं नव्हतं. यादोराव भुरे माझ्या हातून सुटले, असं मला म्हणायचं होतं... या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत त्यांच्याविषयी चांगलं बोलणारी पुष्कळ माणसं भेटली. मीही चांगलंच लिहावं अशी मंजूची इच्छा आहे. मी खरं लिहिते.

यादोराव आणि माझा नवरा प्रल्हाद एकाच दिवशी फौजेत भरती झाले. प्रल्हाद पवनीचा, यादोराव नदीपलीकडच्या खेड्यातले. एक बौद्ध, दुसरा कुणबी. पण भरतीच्या रांगेत दोघांचे नंबर मागेपुढे आले आणि मग ते मागेपुढेच राहिले. एकच पलटण, एकच बराक. लग्नानंतर प्रल्हाद मला पहिल्यांदा कोणाकडे जेवायला घेऊन गेला असेल तर यादोरावांकडे. मी त्यांना भाऊजी म्हणायला लागले, ते मला वहिनी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आपलं सैन्य शांतता राखायला श्रीलंकेत गेलं, त्यात हे दोघेही गेले. प्रल्हादची पत्रं यायची. पहिल्या पत्रात होतं की लोकांनी रस्त्यावर येऊन हार घातले, शहाळी कापून दिली. चौथ्या-पाचव्या पत्रापासून तो फक्त घरचं विचारायला लागला. धान कसा आहे, आईचा गुडघा कसा आहे. आणि एक दिवस तार आली. रस्त्यात पेरलेला सुरुंग, आणि त्यावरून गेलेली गाडी. मी बावीस वर्षांची होते. मला त्याचं तोंडही पाहायला मिळालं नाही. कलश आला.

भाऊजी अडीच महिन्यांनी सुट्टीवर आले. घरी जायच्या आधी माझ्याकडे आले, प्रल्हादची काळी ट्रंक खांद्यावर घेऊन. सासूबाई रडत होत्या, गल्लीतल्या बाया रडत होत्या. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "ज्यानं केलं त्याचं काय झालं?" ते कपाकडे पाहत राहिले. मी पुन्हा विचारलं. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "मारला, वहिनी. मीच मारला." सुरुंगाचं बटन दाबणारा माणूस नारळाच्या बागेत पळाला, त्यांनी त्याचा पाठलाग केला, विहिरीजवळ गाठला, दोन गोळ्या. त्या दिवशी अडीच महिन्यांत पहिल्यांदा मी पोटभर भात खाल्ला.

त्या दोन गोळ्यांवर मी जगले, असं म्हटलं तर लोकांना अतिशयोक्ती वाटेल. पण डी.एड. केलं, शाळेत लागले, सासूबाईंचं दुखणं काढलं, ते सगळं करताना माझ्या मनात ती विहीर होती. मेलेल्या माणसाला मी एक चेहरा देऊन टाकला होता. रुंद कपाळ, डाव्या भुवईवर व्रण. मी त्याला रोज मारायचे. मरताना त्याला पाणी मागायला लावायचे आणि द्यायचे नाही. विहारात वंदनेनंतर सगळ्या प्राणिमात्रांविषयी मैत्रीची भावना करायला सांगत, तेव्हा मी एक माणूस वगळून करायचे. दर वर्षी प्रल्हादच्या स्मृतिदिनाला भाऊजी यायचे. जेवण झालं की मी म्हणायचे, "सांगा भाऊजी." ते सांगायचे. बाग, विहीर, दोन गोळ्या. एकही शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. खरी आठवण दर वर्षी थोडी हलते, कधी नवं काही आठवतं, कधी जुनं सुटतं... त्यांची कधी हलली नाही. मी शिक्षिका होते, पाठांतर ओळखायला हवं होतं मी.

वर्गात मी ती गोष्ट पोरांना सांगायचे. पंधरा ऑगस्टला तर हमखास. त्यातूनच पुढे तो दिवस आला. गावातल्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, 'दुसऱ्या देशांच्या संघर्षात सैन्य पाठवणे केव्हा योग्य?' मी परीक्षक होते आणि माजी सैनिक म्हणून भाऊजी पाहुणे. बाजूनं बोलायला अश्विनी नावाची मुलगी उभी राहिली, माझीच जुनी विद्यार्थिनी. फार सुरेख बोलली. शेजारच्या घरात रक्त सांडत असताना दार लावून बसणं हे पाप आहे, म्हणाली. अन्याय करणाऱ्याला हे कळलंच पाहिजे की त्याच्या दारापर्यंत कोणीतरी येईल. आणि मग म्हणाली, "आपल्याच पवनीच्या शहिदाचा बदला आपल्याच मातीतल्या जवानानं परक्या भूमीवर घेतला. ते आज या मंचावर बसले आहेत." सभागृहात टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या.

समारोपाला भाऊजी उठले. माइकशी थोडं अडखळले. मग म्हणाले, "पोरगी चांगली बोलली. पन ते खोटं आहे. मी तिथं कोनाले मारलं नाही. बटन दाबनारा कोन होता ते आमाले कधी समजलंच नाही. मी खोटं सांगतलं होतं. तुमाले सैन्य पाठवाचं असन तर पाठवा, त्याची कारनं शोधा. पन माझ्या खोट्याच्या भरोशावर पाठवू नोका." आणि खाली बसले. अश्विनी माझ्याकडे पाहत होती. सगळेच माझ्याकडे पाहत होते.

घरी जाताना ते मागून आले. "वहिनी, तुमाले आधी सांगाले पायजे होतं." मी म्हटलं, "आजपासून माझ्या दारात पाय ठेवायचा नाही." त्यांनी ठेवला नाही.

एक माणूस माझ्यासाठी दुसऱ्यांदा मेला, असं त्या दिवशी वाटलं. प्रल्हाद नव्हे... तो विहिरीजवळचा. तीस वर्षं मी ज्याला मारत होते तो कधी नव्हताच, आणि खरा होता तो पकडला गेला नव्हता. कुठेतरी म्हातारा होऊन, नातवंडं खेळवत बसलाही असेल. माझ्या रागाला आता चेहरा उरला नाही आणि समोर एकच माणूस दिसत होता. मी त्याचा बदला घ्यायचं ठरवलं.

संधी लवकर मिळाली. चौकात प्रल्हादचं स्मारक उभारायचं ठरलं होतं. फलकावर त्याच्याबरोबर तिथे गेलेल्या, आपल्या भागातल्या जवानांची नावंही कोरायची होती. समितीची पोरं यादी घेऊन माझ्याकडे आली. पहिलंच नाव यादोराव भुरे. मी ते लाल पेननं खोडलं, वही तपासावी तसं. निमंत्रणातूनही काढायला लावलं. पोरांनी कारण विचारलं नाही, त्यांना सभागृहातला प्रकार माहीत होता. अनावरणाच्या दिवशी मी मंचावर बसले होते. पडदा सरकला तेव्हा माझं लक्ष समोर रस्त्यापलीकडे गेलं. पंक्चरच्या दुकानाशेजारी भाऊजी उभे होते. कोट घातलेला, छातीवर पदकं, हात सॅल्यूटमध्ये. दुकानदार टायर बाजूला घेऊन त्यांना जागा करून देत होता. मी पाहिलं आणि नजर वळवली. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं, आणि पुढे किती तरी दिवस ते चित्र आठवून बरं वाटत राहिलं.

सहा वर्षं आम्ही बोललो नाही. त्यांची बायको वारली, मी गेले नाही. मी निवृत्त झाले, ते आले नाहीत. त्यांच्या किडन्या गेल्या आणि मंजू त्यांना जवाहरनगरला आपल्या क्वार्टरमध्ये घेऊन गेली, हे मला बाहेरून कळलं. गेल्या वर्षी एका बुधवारी दुपारी दारात कोणी उभं दिसलं. भाऊजीच होते, निम्म्यानं वाळलेले, हातावर सुयांच्या गाठी. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "पाय ठेवत नाही वहिनी. इथूनच सांगतो अन् जातो." मी खुर्ची बाहेर आणून ठेवली.

त्यांनी सांगितलं ते असं. धमाका झाला तेव्हा ते मागच्या गाडीत होते. धूर विरला तेव्हा कोणीच दिसेना. नारळ, वाळू आणि रस्त्यात खड्डा. प्रल्हादला त्यांनीच उचललं, जेवढा उचलता आला तेवढा. मग वेड्यासारखे झाडीत शिरले. शंभरेक पावलांवर एक झोपडी होती, दारात एक म्हातारी बसली होती. एकटीच. त्यांनी बंदूक तिच्यावर रोखली. "तिचा पोरगा असन, नसन. मले काही माहीत नव्हतं. मले फक्त कोनीतरी पायजे होतं वहिनी."

"मग काहून नाही मारलं?" मी विचारलं. हा प्रश्न माझ्या तोंडून आला, आणि तो मी पुरता मनापासून विचारला होता.

ते म्हणाले, "तिनं पान्याचा लोटा पुढं केला. भीतीनंच केला असन. अन् मी तो पिलो वहिनी. प्रल्हादले खाली ठेवून पाच मिनिटं झाली नव्हती, अन् मी तिच्या हातचं पानी पिलो. तहान लागली होती... तुमाले कोन्या तोंडानं सांगू? तुम्ही विचारलं, त्याचं काय झालं. मी मारला म्हनून टाकलं."

मी आत गेले. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि त्या म्हातारीवर ओरडायचं की यांच्यावर, ते कळत नव्हतं. बाहेर आले तर ते खुर्चीतच होते. मी म्हटलं, "म्हणजे ज्यांच्यासाठी गेलात त्यांनाच तुमची भीती. मग जायचंच नव्हतं का तुम्ही? तिथल्या लोकांना मरू द्यायचं होतं?"

"जावं ना. कोनी बोलावलं तर जावं. पन सुरुवातीले त्या लोकांनी आमाले शहाळी दिली होती. मग एक दिवस दारं लावून घेतली. ज्याले वाचवाले गेलो त्यानंच पानी बंद केलं, त्या दिवशी वापस याले पायजे होतं. आम्ही थांबलो. प्रल्हाद त्या थांबलेल्या दिवसांत गेला."

"आणि जिथे कापाकापी सुरू असते तिथे पाणी कोण देणार भाऊजी? मेलेली बाई पाणी देत नाही. तिच्यासाठी जायला कोणाच्या परवानगीची वाट पाहायची?"

त्यांनी मान हलवली. "हे मले सुचलं नव्हतं. विचार करून सांगतो."

अशा रीतीनं ते पुन्हा यायला लागले. मंगळवार-शुक्रवार डायलिसिस, म्हणून बुधवारी बस धरून पवनीला. खुर्ची मीच उंबऱ्याच्या आत, टीव्हीसमोर नेऊन ठेवली. टीव्हीवर रोज कुठल्या ना कुठल्या देशातलं युद्ध असायचंच, आणि आम्ही त्यावर भांडायचो. ते म्हणायचे, जो सैन्य पाठवतो त्यानं परत यायची तारीख आधी सांगावी. मी म्हणायचे, तारीख सांगितली तर समोरचा ती तारीख मोजत बसतो. ते म्हणायचे, आपल्या फायद्यासाठी गेलेला माणूस वाचवणारा नसतो. मी म्हणायचे, बुडणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो. कधी ते हरायचे, कधी मी. मी त्यांना क्षमा केली असं कोणी समजू नये. त्यांचं नाव मी खोडलं होतं, ते मी त्यांना एकदा सांगितलं. म्हणाले, "माहीत आहे. बरोबर केलं तुम्ही." त्याचाही मला रागच आला. ज्याच्यावर सूड उगवायचा तो माणूस मान खाली घालून बसला की काय करायचं? आणि ज्यांनी या दोघांना तिथे पाठवलं, त्यांतलं तर कोणी या खुर्चीत येऊन कधी बसलं नाही.

शेवटच्या बुधवारी मी त्यांना पेचात पकडलं. म्हटलं, "त्या म्हातारीच्या जागी बटन दाबणाराच बसला असता, आणि त्यानं लोटा पुढे केला असता, तर?" ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. बसची वेळ झाली तेव्हा उठले आणि म्हणाले, "कठीन विचारलं. पुढच्या बुधवारी सांगतो." सोमवारी ते गेले.

घाटावर मी गेले होते. माजी सैनिकांनी तिरंगा ठेवला, दोन शब्द बोला म्हणून मला पुढे केलं. आमचं भांडण अर्धंच राहिलं होतं, त्यात चांगलं तेवढंच कसं बोलू? मी तशीच मागे सरले. लोकांना वाटलं, दुःखानं.

त्या धमाक्यात भाऊजींचा डावा कान गेला होता. त्यामुळे ते आले की टीव्हीचा आवाज चाळीसवर ठेवावा लागायचा. अजूनही बुधवारी बातम्या लागल्या की माझा अंगठा आपोआप तिथपर्यंत जातो. परवा शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "बाई, एवढ्यानं कोनाले आयकवून राहिले?" मी आवाज कमी केला नाही. कुठल्याशा देशात नवं सैन्य उतरलं होतं, रस्त्यावर बाया हार घेऊन उभ्या होत्या, आणि मी त्या रिकाम्या खुर्चीच्या उजव्या बाजूला बसून तावातावानं बोलत होते.